नाव विचारताय गुरुजी, आधी गाव विचारा

पत्राचा सारांश

बेळगावच्या शहापुरात राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक लिहितात. वय ७२. नातू शिकायला हुबळीला गेला आणि जाताना काचेची एक पेटी आजोबांच्या ताब्यात देऊन गेला. पेटीत हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी, वर नातवाच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘मेक्सिकन रेड नी’. आठ महिने गुरुजी त्याला आठवड्याला एक रातकिडा घालतात, पाण्याची वाटी भरतात, पेटी पुसतात. लळा लागला, म्हणून त्याला गुंड्या म्हणतात. शेजारच्या घरी रंगकामाला आलेला जांबोटीकडचा एक मुलगा पेटी बघून म्हणाला, “हे ओ काय गुरुजी, असले आमच्या बांधात कितीतरी हायत की.” नातवाला विचारलं, तर तो म्हणाला, मित्राकडून घेतला, आणि विषय बदलला. दोन महिने झाले, गुंड्या रातकिड्याकडे बघतही नाही. घरातल्या आजींना भीती आहे की कोळी मुतला तर अंगावर फोड उठतील.

सोबत पाच फोटो आणि तीन प्रश्न. हा नेमका कुठला कोळी? आपल्याच रानातला असेल तर पावसाच्या आधी जांबोटीला नेऊन सोडून द्यावा का, निदान पुण्य तरी लागेल? आणि हा ‘तो’ आहे की ‘ती’?

उत्तर

नमस्कार गुरुजी,

पाचांपैकी तीन फोटोंत कोळ्यापेक्षा तुमचं आणि ट्यूबलाइटचं काचेवरचं प्रतिबिंब जास्त स्पष्ट आलंय. उरलेल्या दोघांवर काम भागवलं. खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा तुमचं पत्रच जास्त उपयोगी पडलं. ‘डिवचलं तर पुढचे पाय वर करून मागे रेलतो आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा शूऽऽ आवाज करतो’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही.

आधी चिठ्ठीचा निकाल लावू. चिठ्ठी खोटी आहे. मेक्सिकन रेड नीच्या पायांच्या सांध्यांवर केशरी रंग असतो, तो नावातच आहे. अगदी चिमुकल्या पिलात तो दिसत नाही, पण पंजाएवढा झालेला रेड नी केशरी गुडघ्यांशिवाय असणं शक्य नाही. तुमचा गुंड्या नखशिखांत तपकिरी, पोटावर आडवे गडद पट्टे. शिवाय अमेरिकेकडच्या बहुतेक टॅरँटुलांचं, म्हणजे या मोठ्या केसाळ कोळ्यांचं, पहिलं हत्यार म्हणजे पोटावरचे बारीक टोचरे केस. त्रास दिला की ते पाठ फिरवतात आणि मागच्या पायांनी हे केस उडवतात. असं वारंवार केलं की पोटावर टक्कल पडतं, आणि पेटी साफ करणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. आठ महिने पेटी पुसून तुम्हाला एकदाही खाज आली नाही, पोटावर टक्कल नाही, आणि हा पाठ फिरवण्याऐवजी तोंडावर येतो. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरँटुलांकडे हे केस नसतात. त्यांचा भरवसा चपळाईवर आणि दातांवर.

म्हणजे गुंड्या आपल्या बाजूच्या जगातला. पण ‘आपल्या बाजूच्या जगात’ आणि ‘आपल्या बांधात’ यांत बरंच अंतर आहे.

शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर, तुमच्या हजेरीपटावर होतं तसंच. गुंड्याचं आडनाव मी बऱ्यापैकी धीरानं सांगते: चिलोब्रॅकिस. कारणं तुमच्याच पत्रात आहेत. तो मातीत बीळ करून राहतो. बिळाच्या तोंडाशी दाट पांढरं जाळं पसरवतो. आणि तो आवाज घशातून येत नाही, कोळ्याला घसा कुठला? जबड्यांवरचे ताठ काटे शेजारच्या अवयवावरच्या काट्यांवर घासून तो निघतो, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा. हे वाद्य या आडनावाच्या कोळ्यांकडे आहे, आणि यांचे काही भाऊबंद आपल्या सह्याद्रीत राहतात. चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस नावाचा एक कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र अशा तिन्हीकडच्या घाटांत सापडतो. पोटावर पट्टे, जाळं भरपूर, स्वभाव तापट. पोकॉक या ब्रिटिश अभ्यासकानं १८९९ साली त्याचं वर्णन केलं. जांबोटीचा मुलगा काही उगाच बोलला नाही.

मग ‘फिम्ब्रिएटस’ म्हणून शिक्का मारून मोकळी का होत नाही?

कारण मी एकदा मारला होता. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या एका मुलानं असाच फोटो पाठवला आणि मी मोठ्या तोऱ्यात पूर्ण नाव लिहून पाठवलं. चार महिन्यांनी त्यानं कात जपून आणून दाखवली. ती भिंगाखाली धरली तेव्हा आडनावसुद्धा चुकलेलं निघालं. त्यानं मात्र माझ्या भरवशावर त्याच नावानं तो कोळी आणखी दोघांना दाखवला होता, आणि त्या दोघांनी आणखी कुणाला. फोटोवरून दिलेलं नाव असं गावभर होतं, दुरुस्ती मात्र कुणाच्या कानावर जात नाही.

नुसत्या फोटोवरून जात न कळण्याचं कारण सोपं आहे. टॅरँटुलांच्या घराण्यात हजाराच्या वर जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक तपकिरी. रंग वयानुसार बदलतो, कात टाकण्याआधी मळतो, टाकल्यावर झळकतो, आणि मोबाइलचा कॅमेरा त्यात आणखी स्वतःचा रंग मिसळतो. अभ्यासक बघतात ते वेगळंच असतं: पाठीच्या मधल्या खळीचा आकार, जबड्यांवरच्या काट्यांची मांडणी, पायांच्या लांबीचं आपसांतलं प्रमाण, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जननेंद्रियांचे अवयव. यातलं काहीच ट्यूबलाइटच्या उजेडात काचेतून दिसत नाही.

आणि दिसलं तरी दुसरी अर्धी ओळख बाकी राहते. ती म्हणजे गाव.

जमिनीचा उतारा काढायला गेलात आणि ‘ती ओढ्याकडची पट्टी’ म्हणालात तर तलाठी काय करील? सर्व्हे नंबर मागेल. बिळात राहणाऱ्या कोळ्यांचं तसंच आहे. माद्या बीळ सोडून लांब जात नाहीत, पिलंही फार दूर पसरत नाहीत, त्यामुळे एका डोंगररांगेतला कोळी पुढच्या रांगेतल्यापेक्षा निराळा असू शकतो. आपल्या आसपासच बघा. २०१२ साली एका टॅरँटुलाला उत्तर कन्नड जिल्ह्याचं नाव मिळालं, त्याच्याच एका भावाला २०१४ साली आंबोलीचं. आंबोली म्हणजे आपल्याला पावसात मक्याची कणसं खायला जायची जागा, आणि तिथला कोळी शास्त्राला कळून जेमतेम दहा-बारा वर्षं झाली. गाव माहीत नसेल तर अशा कोळ्यांची ओळख अडून बसते.

गाव चुकलं की काय होतं याची एक गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण तिच्यात मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची, आंध्रातली गुत्ती आहे. १८९९ सालीच पोकॉकनं एका चमकदार निळ्या टॅरँटुलाचं वर्णन केलं. नमुना गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळाला होता, म्हणून जगभर तो ‘गुत्तीचा कोळी’ झाला. नंतर शंभर वर्षं तो कुणाला पुन्हा दिसला नाही. अखेर २००१ मध्ये सापडला तो गुत्तीपासून शंभरेक किलोमीटरवर, नंद्याळ ते गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात. लाकडाच्या ओंडक्यांतून रेल्वेनं तो गुत्तीला आला असावा, असं अभ्यासक मानतात. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि नाव अजून गुत्तीचंच चाललंय. तसं म्हटलं तर ‘टॅरँटुला’ हे नावच इटलीतल्या तारांतो गावावरून आलं, आणि तारांतोचा तो मूळ कोळी या घराण्यातला नाहीच. पाटीवरचं नाव एक आणि आत राहणारा दुसरा, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. पुढचं लिहीत नाही, संपादक कापतील.

बाजारातल्या नावांची तर वेगळीच तऱ्हा. तुमच्या चिठ्ठीवरचा रेड नीच घ्या. पाळणारे त्याला वर्षानुवर्षं ‘ब्राकिपेल्मा स्मिथाय’ म्हणत आले. २०१७ मध्ये अभ्यासकांनी मेक्सिकोतले नमुने नीट तपासले, तेव्हा घरोघरी पाळलेल्यांतले बरेच ‘हॅमोराय’ या वेगळ्या जातीचे निघाले. उलटंही होतं. थायलंडमधला विजेसारखा निळा चिलोब्रॅकिस लोक आधीपासून विकत होते, शास्त्रानं त्याला नाव दिलं ते २०२३ साली. गुंड्याच्या आडनावाचे कोळी थायलंड, म्यानमार, व्हिएतनाममधून छंदिष्टांच्या बाजारात येतात, आणि त्यांतले कितीतरी असेच मातकट तपकिरी असतात. म्हणून गुंड्या जांबोटीचा आहे की परदेशातून कुठल्या तरी डबीतून आलेला, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. कुणी फोटो बघून छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

ते सांगू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो हुबळीत आहे. त्याच्याकडे येते. आधी दोन महिन्यांचा उपास बघू, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या उपासातच आहेत.

गुंड्या आजारी दिसत नाही. पोट टपोरं आहे, रंग मळला आहे, आणि बिळाचं तोंड त्यानं जाळ्यानं लिंपून घेतलंय. कात टाकायची तयारी आहे ही. मोठे टॅरँटुला अशा वेळी महिनोन्‌महिने खात नाहीत. तुम्ही करायचं ते इतकंच: आतला जिवंत रातकिडा आजच बाहेर काढा, कारण कात टाकताना कोळी लुळा पडलेला असतो आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडू शकतो. पाण्याची वाटी भरलेली ठेवा. मातीचा एक कोपरा अधूनमधून ओला करा, सगळी पेटी भिजवू नका. दिव्याची ऊब नको. बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर असलं तरी घरातली हवा त्याला पुरते. बीळ उकरू नका. आणि तो पाठीवर उताणा दिसला तर ‘गेला’ म्हणून नातवाला फोन करू नका. कोळी कात बहुधा उताणाच टाकतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळलेले असतात, हे लक्षात असू द्या. अशा उताण्या कोळ्याला ‘सरळ’ करायला जाऊन मारलेल्यांची पत्रं मला दर वर्षी येतात.

कात टाकून झाली की आठ-दहा दिवस खायला घालू नका, दात मऊ असतात. कात मात्र लांब चिमट्यानं लवकर उचला. वाळली की ती चुरमुऱ्यासारखी होते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून तीत भिजवा आणि मऊ झाली की पोटाकडचा सुरकुतलेला भाग बारीक ब्रशनं कागदावर उलगडा, आतली बाजू वर. चार फिकट ठिपके दिसतील, ती श्वासाची चार पुस्तकं. हो, त्या अवयवाला पुस्तकफुप्फुसच म्हणतात. पुढच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध भिंगातून बघा. तिथं त्वचेची घडी आणि तिच्यातून वर आलेल्या छोट्या पिशव्या दिसल्या तर मादी. ती जागा कोरी असेल तर बहुतेक नर. त्या पिशव्यांच्या आकारावरूनच अभ्यासक पुढे जात ठरवतात. म्हणजे गुंड्याला हात न लावता, न मारता, त्याची ओळखपत्राची कागदं तोच काढून देणार आहे.

कात बाटलीत ठेवायची तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, नाहीतर नीट वाळवून डबीत. सोबत कागदाची चिठ्ठी, आणि ती पेन्सिलीनं लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. चिठ्ठीवर तारीख, कोळी कुणाकडून कधी आला, आणि मूळ ठिकाण कळलं असेल तर गाव आणि जागा. न कळलं असेल तर ‘ठिकाण माहीत नाही’ असं सरळ लिहायचं. अंदाजानं जांबोटी लिहू नका. पोकॉकला गुत्ती कुणीतरी भाबडेपणानंच कळवली असणार.

भिंगानं भागलं नाही तर टिळकवाडीकडची कॉलेजं आहेत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असतो, आणि तुमच्यासारखे गुरुजी डबी घेऊन दारात उभे राहिले तर ‘नाही’ म्हणणारा प्राध्यापक मला अजून भेटायचाय. पुढं जायचं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. आधी फोन करा, फोटो पाठवा, मग कात. जिवंत कोळी पार्सलनं कुणालाही, कधीही पाठवायचा नाही.

फोटो पुन्हा काढाल तेव्हा ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड, काचेला कॅमेरा टेकवून. वरून एक, बाजूनं एक, आणि तो रात्री काचेवर चढतो तेव्हा खालच्या बाजूचा एक. शेजारी नाणं ठेवलं की माप कळतं. ज्या वाचकांकडचा कोळी बिळाऐवजी उभ्या सालीवर राहतो, त्यांनी पुढच्या पायांची खालची बाजू जरूर टिपावी. तिथं पिवळा-काळा झगझगीत रंग दिसला तर तो झाडावर राहणारा पोइसिलोथेरिया असण्याची शक्यता मोठी. त्याचं प्रकरण कायद्यानंही वेगळं आहे, ते खाली येतंच. आणि ज्यांच्याकडे खरोखर अमेरिकेकडचा टॅरँटुला आहे त्यांनी पेटीत तोंड घालून बघायचं टाळावं. ते केस डोळ्यात गेले तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे चकरा माराव्या लागतात.

आता नातू.

‘मित्राकडून घेतला’ म्हणून त्यानं विषय बदलला, यावरून तुम्ही ताडलंय की पोरगं काहीतरी लपवतंय. मलाही तसंच वाटतं. पण काय लपवतंय, ते दोन्हीपैकी काहीही असू शकतं. एक, कुणाकडून तरी हजारो रुपये मोजून ‘मेक्सिकन’ म्हणून घेतला आणि फसला, त्याची लाज. दोन, स्वतःच चोर्ल्याच्या नाहीतर कणकुंबीच्या रस्त्याकडेच्या दरडीतून उकरून आणला आणि घरात ओरडा बसू नये म्हणून मेक्सिकोची चिठ्ठी चिकटवली. दोन्ही बाबतीत तो आजोबांना घाबरतोय, आणि तुम्हाला हवं असलेलं गाव त्या भीतीच्या मागे अडकलंय.

फोनवर ‘खरं सांग’ असं सुरू करू नका. तो वर्गातला सूर आहे, तुम्हाला मी काय सांगायचं. त्याऐवजी कात पडली की त्याला ती डबी दाखवायला घरी बोलवा, भिंगातून बघायला लावा आणि मग सहज विचारा, ‘चिठ्ठीवर गाव काय लिहू?’ विशीतलं पोरगं शास्त्राच्या प्रश्नाला खरं उत्तर देतं, चौकशीच्या प्रश्नाला देत नाही. शिवाय ही चिठ्ठी त्याच्याच हातानं लिहून घ्या. पहिली चुकली, दुसरी नीट.

गाव कळलं की कायद्याचं चित्र आपोआप स्पष्ट होतं. धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावर साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. मेक्सिकोचा रेड नी १९८५ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, ब्राकिपेल्मा आडनावाचे सगळे १९९५ पासून, आणि आपल्याकडचे, श्रीलंकेतले झाडावरचे पोइसिलोथेरिया २०१९ पासून. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची आहे. कागद नसताना टपालानं कोळी मागवण्याचे प्रकार होतात, ते पकडलेही जातात. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर छोट्या कुप्यांत १०७ जिवंत कोळी निघाले. गुंड्याचं आडनाव मी म्हणते तेच असेल तर तो साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ती एक चिंता कमी. तरी त्यावरची ‘मेक्सिकन’ चिठ्ठी आधी काढून टाका. नसलेल्या गुन्ह्याची पाटी स्वतःच्या दारावर कशाला?

तो इथल्याच रानातून उचलला असेल तर प्रश्न वेगळा होतो. जांबोटी, कणकुंबीच्या पलीकडचा बराच भाग २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय कुठलाही जीव उचलणं गुन्हा आहे. किडामुंगीसुद्धा त्यात आली. अशा वेळी नातवाला सोबत घेऊन खानापूरच्या वन कार्यालयात आपणहून जा, जाण्याआधी ओळखीच्या वकिलाशी बोला. परत सोडायचा का, कुठे, कसा, ते त्यांच्या सांगण्यावरून ठरू दे.

आणि म्हणूनच ‘पावसाच्या आधी जांबोटीला सोडून देतो’ या तुमच्या बेताला मी हात जोडून आडवी येते. तुमच्या मनातलं पुण्य मला कळतं. आपल्याकडे साप, कासव, पोपट, जे सापडेल ते ‘सोडण्यात’ भलं मानतात. पण गुंड्या थायलंडचा असेल तर तुम्ही जांबोटीच्या बांधात एक परका जीव नेऊन ठेवला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका संत्र्या-लिंबाच्या बागेत मेक्सिकोकडचा असाच एक टॅरँटुला पाळीव म्हणून येऊन सुटला, आणि १९९० च्या दशकापासून तिथं बिळं करून सुखानं नांदतोय. गुंड्या आपलाच पण दुसऱ्या घाटातला असेल तरीही तेच, अभ्यासकांच्या नोंदींत उगाच एक गुत्ती तयार होणार. आणि अगदी जांबोटीचाच असेल तर? त्याचं बीळ गेलंय, नवं करायला जागा, माती, वेळ लागतो, आणि कात टाकायच्या तोंडावर उघड्यावर सोडलेला कोळी म्हणजे मुंग्यांचं जेवण. सोडण्यात सुटतो तो आपला जीव, त्याचा नाही.

जांबोटीचा तो मुलगा पुन्हा भेटला तर त्याला विचारा, बांधातले कोळी नक्की कुठल्या बाजूला, बिळाच्या तोंडाशी जाळं असतं का. उकरायला सांगू नका, फोटो आणायला सांगा. आमच्या अंगणात ‘जेड’ (कानडीत कोळी) म्हणून केरसुणीनं मारला जाणारा प्रत्येक मोठा कोळी कुठल्या जातीचा होता हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बिळाबाहेर फिरताना दिसतात ते बहुधा नर, जोडीदार शोधायला निघालेले. पेला उपडा घाला, खाली पोस्टकार्ड सरकवा, आणि कुंपणापाशी सोडा. हे सोडणं मात्र पुण्याचं, कारण गाव तेच आहे.

आजींना सांगा, कोळी मुतून फोड येत नाहीत. पावसाळ्यात दिव्यापाशी येणारा पेडेरस नावाचा तांबूस-काळा चिमुकला किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. कधी ते फोड चक्क नागिणीचे असतात. बदनाम कोळी होतो. आजींची भीती मात्र मोडीत काढू नका, तिच्यातला एक भाग बरोबर आहे. या आडनावाचे कोळी फार चपळ असतात, चावतात, आणि चावा चांगलाच दुखतो, गोळे येतात. तेव्हा गुंड्याला हातावर घेणं बंद. तुम्ही ‘एकदा हातावर चढला होता, किती मऊ लागला’ असं लिहिलंय, ते वाचून माझ्याच अंगावर काटा आला. त्याच्याही दृष्टीनं ते धोक्याचं. हातातून फरशीवर पडला तर पोट फुटून मरतो. पेटीच्या झाकणाला कडी लावा, पेटी देवघराच्या खोलीतून हलवून नातवाच्या खोलीत ठेवा, आणि चावलाच तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

राहता राहिला ‘तो’ की ‘ती’. हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा लाजत विचारलाय, पण घराच्या दृष्टीनं हाच मोठा. नर असेल तर शेवटच्या कातीनंतर त्याच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं गाठ आल्यासारखी फुगतात, आणि मग त्याचं आयुष्य काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष. मादी असेल तर टॅरँटुलांच्या कितीतरी जातींत त्या पंधरा-वीस वर्षं जगतात. तुम्ही ७२ चे आहात, गुरुजी. भिंगाखाली त्या पिशव्या दिसल्या तर नातवाला घरी बोलावण्याचं दुसरं कारण तुमच्या हातात आहे: पेटी कुणाची, हे तेव्हाच लिहून घ्या, त्याच पेन्सिलीनं.

आणि तसं झालं तर गुंड्याचं नाव काय करायचं ते आजींना ठरवू द्या. कातीचा फोटो मात्र मला पाठवा, नाणं शेजारी ठेवून.